आल्फ्रेडचं मधलं नाव

इंग्लंडमधल्या एका अख्ख्या गावात कुणालाच बाप नव्हता, हा शोध मी ओटावाजवळच्या कनाटातल्या आमच्या बेसमेंटमध्ये बसून लावला. शोध चुकीचा निघाला. पण मी तो पूर्ण गांभीर्यानं लावला होता, आणि ज्या गृहस्थांसाठी लावला त्यांनी तो तितक्याच गांभीर्यानं ऐकून घेतला होता. शिवाय ही म्हणते, तुम्ही लिहिलं नाहीत तर मी लिहीन. तिनं लिहिण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

ते गृहस्थ म्हणजे आमचे व्याही, रेमंड थॉर्नबी. आमच्या मुग्धाचे सासरे. ओटावापासून वर, नदीकाठच्या एका छोट्या गावात आयुष्यभर शाळामास्तर होते. पत्नी गेल्या, मग नजर अधू झाली. समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, पण अक्षरं दिसत नाहीत. मास्तरांना अक्षरं दिसू नयेत हे दुःख फार वाईट, पण त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही. (रेमंड अर्थातच इंग्रजीत बोलतात. इथे मी त्यांना मराठीत बोलायला लावतोय. सभ्य माणूस आहे, चालवून घेतील.)

दोन वर्षांपूर्वी सर्वपित्रीच्या दिवशी मुग्धा त्यांना आमच्याकडे जेवायला घेऊन आली. मी दक्षिणेकडे तोंड करून, बोटात दर्भ अडकवून तर्पण करत होतो. ते शांतपणे खुर्चीत बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "श्री, तू नावं घेत होतास ना? कुणाची?"

"वडील, आजोबा, पणजोबा. प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं."

"तीन पिढ्या?"

"तीन."

त्यांनी खिरीची वाटी खाली ठेवली. "माझ्याकडे दोनच आहेत," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील हॅरॉल्ड. आजोबा आल्फ्रेड. हे आजोबा लहानपणी इंग्लंडहून एकटेच बोटीनं आले. एकटे म्हणजे त्यांच्यासारख्याच पोरक्या मुलांच्या घोळक्यात, प्रत्येकाजवळ एक पत्र्याची पेटी. इथल्या शेतकऱ्यांना कामाला हात हवे होते, तिकडच्या लोकांना पोरं नको होती. आल्फ्रेडला एका शेतावर ठेवलं. शाळेत मुलं विचारायची, तुझा बाप कोण? उत्तर नव्हतं. म्हातारपणीही नव्हतं. त्यांना एवढंच आठवायचं की स्टेशनावर एका बाईनं त्यांच्या बुटांचे बंद बांधले. बांधले, सोडले, पुन्हा बांधले. ती बाई कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मरताना ते हॅरॉल्डना म्हणाले, माझ्या बापाचं नाव शोध. हॅरॉल्डना जमलं नाही, त्यांनी ते रेमंडवर सोपवलं. आणि रेमंडना वेळ मिळाला तेव्हा डोळे गेले.

अशा वेळी गप्प बसावं हे शहाण्या माणसाला कळतं. मी म्हणालो, "पुढच्या सर्वपित्रीला तुम्हाला तिसरं नाव देतो. शब्द."

रेमंडनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पाहुणे गेल्यावर ही म्हणाली, "अहो, शब्द काय देता? स्वतःचा चष्मा सापडत नाही तुम्हाला घरात."

"मी इंजिनिअर आहे, सुधा."

"तेच म्हणतेय मी."

हाताशी एवढंच होतं: आजोबांचं पूर्ण नाव आल्फ्रेड वॉल्टर थॉर्नबी, आणि गावाचं नाव नेदर कोम्बली. (नेदर म्हणजे खालचं. आपल्या खुर्द-बुद्रुकसारखं काहीतरी. मला गाव लगेच आपलं वाटलं.) तिथल्या चर्चच्या जुन्या वह्यांत बारसं, लग्न आणि दफन यांच्या नोंदी असतात, त्या आता घरबसल्या पाहता येतात. आधी नावांची यादी येते, नाव दाबलं की त्या पानाचा फोटो उघडतो. पानावरचं अक्षर असं, की आमच्या डॉक्टरचं त्यापुढे सुवाच्य वाटावं. म्हणून मी ठरवलं, शक्यतो यादीवरच भागवायचं.

आणि खरं सांगतो, पहिल्याच संध्याकाळी मी हसलो. तीन पिढ्या ही माणसं कसलं कोडं सोडवत होती? आल्फ्रेड वॉल्टर थॉर्नबी. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. बाप मधेच तर बसला होता!

आता तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षं कॅनडात काढून याला एवढंही कळू नये? कळत होतं. इथली माणसं मधलं नाव शोभेला ठेवतात हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं नाव श्रीकांत गोपाळ कुळकर्णी. इथे आल्या दिवसापासून यातलं गोपाळ हे माझंच नाव असल्यासारखं वागवलं जातं. क्लिनिकमध्ये पुकारतात, "गोपाल?" पत्रं येतात, डिअर गोपाल. मी चाळीस वर्षं सांगतोय की गोपाळ माझे वडील होते, सोलापूरच्या गिरणीत होते आणि ते आज इथे रक्त तपासायला येणार नाहीत. कुणी ऐकत नाही. त्यातून मी एक सिद्धांत काढला होता, की हा सगळा अलीकडचा बिघाड आहे. जुने इंग्रज शिस्तीचे लोक. ते बापाला असं वाऱ्यावर सोडणार नाहीत. त्यांचं मधलं नाव बापाचंच असणार.

सिद्धांत हातात असला की पुरावे आपोआप चालत येतात. यादीत वॉल्टर जेम्स थॉर्नबी सापडले. म्हणजे वॉल्टरचे वडील जेम्स. जेम्स एडमंड सापडले. एडमंड रॉबर्ट सापडले. एका आठवड्यात मी चार पिढ्या वर चढलो. बाहेर बर्फ पडत होतं, वरून हिची हाक येत होती, "अहो, ड्राइव्हवे शोव्हल करायचाय, की तोही वॉल्टर करणार आहे?" मी खाली पूर्वजांत होतो.

बायकांच्या बाबतीत जरा अडलं. आपल्याकडे लग्नानंतर मधे नवऱ्याचं नाव येतं. तिथे निघाल्या मेरी ॲन थॉर्नबी. म्हणजे नवरा ॲन. मग एलिझाबेथ ग्रेस थॉर्नबी. नवरा ग्रेस. मी रेमंडना फोन केला.

"तुमच्याकडे पूर्वी पुरुषांची नावं ॲन, ग्रेस अशी असायची का?"

ते बराच वेळ विचार करत होते. "पूर्वी काहीही शक्य होतं, श्री," ते म्हणाले.

झालं, हेही पुराव्यात जमा. एरवी मी पद्धत काय वापरतोय हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. इंजिनिअर उत्तर सांगतो. आकडेमोड मागितली तरच दाखवतो.

एकच पान मी उघडून पाहिलं, आल्फ्रेडच्या बारशाचं. भिंग लावून वाचलं. मुलाचं नाव आल्फ्रेड वॉल्टर. आईचं नाव हॅना थॉर्नबी. बापाचा रकाना कोरा. मला त्या लिहिणाऱ्याचं कौतुकच वाटलं. बापाचं नाव मुलाच्या नावात आलेलं असताना पुन्हा कशाला लिहायचं? शाई वाचवली बिचाऱ्यानं. हॅनाच्या नावापुढे लिहिलं होतं, स्पिन्स्टर. हा शब्द मी ऐकला नव्हता असं नाही. पण जुन्या काळी त्याचा मूळ अर्थ चालू असणार असं माझ्या मनानं घेतलं. स्पिन म्हणजे कातणं. आमच्या वडिलांची हयात गिरणीत स्पिनिंग खात्यात गेली. हॅनाबाई सूतगिरणीत कामाला होत्या, हे वाचून मला भरून आलं. वंशवृक्षात वॉल्टरच्या शेजारी मी त्यांचं नाव बारीक अक्षरांत लिहिलं, सौ. हॅना.

आणि मग रॉबर्ट आले. एडमंडचे वडील रॉबर्ट. या घराण्याचा मूळ पुरुष. रॉबर्ट थॉर्नबी. बस्स. मधे काही नाही.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. बापाचं नाव नाही म्हणजे एकच अर्थ. व्याह्यांना हे सांगायचं कसं? निदान त्या काळी हे सर्रास होतं असं म्हणता यावं म्हणून मी शेजारपाजारचे लोक पाहिले. टॉमस बेट्स, बाप नाही. विल्यम कूपर, बाप नाही. त्या काळच्या नेदर कोम्बलीत मी ज्याला ज्याला हात लावला, त्याला बाप नव्हता. सुतार, खाटीक, गावचा पाटील म्हणावा असा एक जमीनदार, सगळे तसेच. मी खुर्चीत मागे टेकलो. एवढं मोठं प्रकरण आणि इतिहासात कुठे उल्लेख नाही.

फोन केला. "रेमंड, बसलात का? मन घट्ट करा."

"बसलोय."

"तुमचे मूळ पुरुष रॉबर्ट. त्यांना वडील नव्हते."

"आल्फ्रेडसारखंच," ते हळू म्हणाले.

"एकट्या त्यांनाच नव्हते असं नाही. गावात कुणालाच नव्हते."

"श्री," त्यांनी अगदी जपून विचारलं, "तिथल्या पाद्रीबाबांचं काय?"

"मी पाहिलं. त्यांनाही नव्हते."

पण रेमंडना रॉबर्टशी कर्तव्य नव्हतं. त्यांना वॉल्टर हवे होते, आणि वॉल्टर मी दिले होते. त्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बदलला. फोनवर मधेच म्हणायचे, "वॉल्टर उंच असतील का? आल्फ्रेड उंच होते." गावातल्या दगड कोरणाऱ्याला त्यांनी सांगून ठेवलं, की आल्फ्रेडच्या थडग्यावर नावाखाली एक ओळ घालायची आहे, 'वॉल्टरचा मुलगा'. मात्र आधी पाणी द्यायचं, मग कोरायचं, असा क्रम त्यांनीच लावला. "मास्तर आहे मी," ते म्हणाले. "आधी तोंडी, मग लेखी."

सर्वपित्री आली. जावई कामानिमित्त कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला होता, मुग्धा रेमंडना घेऊन आली. ते सूट आणि टाय घालून आले होते, हातात फुलं. हिनं सकाळपासून स्वयंपाक केला होता: वडे, खीर, भोपळा, आमसुलाची चटणी. पुण्याचे गुरुजी टॅबलेटवर आले. तिकडे रात्र झाली होती, पण परदेशातल्या यजमानांची त्यांना सवय होती. माझं आटोपलं आणि रेमंड पाटावर बसले. या वयात मांडी घालून. मी त्यांच्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं.

"अपसव्य," गुरुजी म्हणाले.

"उपरणं उजव्या खांद्यावर घ्या," मी सांगितलं. त्यांनी उपरणं घेतलं आणि कमी पडायला नको म्हणून टायही उजव्या खांद्यावर टाकला.

"यजमानांचं गोत्र?"

"माहीत नाही."

"हरकत नाही, काश्यप. संपूर्ण नाव काय?"

मी ते इंग्रजीत विचारलं. रेमंड ताठ बसले. पूर्ण नाव विचारलंय म्हणून त्यांनी शाळेच्या हजेरीत द्यावं तसं पूर्ण सांगितलं, "रेमंड पर्सिव्हल थॉर्नबी."

गुरुजींनी ओंजळ पुढे करायची खूण केली. "हां. वडील पर्सिव्हल. आजोबांचं नाव?"

'पर्सिव्हल' एवढं ऐकून रेमंडनी मान हलवली. "नाही, नाही. माझे वडील हॅरॉल्ड. पर्सिव्हल म्हणजे डॉक्टर पर्सिव्हल. मी जन्मलो तेव्हा ते बर्फातून घोड्याच्या गाडीनं आले होते. त्यांचं नाव मला दिलं."

मी तांब्या धरून उभा होतो. तांब्या खाली ठेवला.

"आणि हॅरॉल्डचं मधलं नाव?" मी विचारलं.

"जॉर्ज. तेव्हाच्या राजाच्या नावावरून."

म्हणजे माझ्या हिशेबानं रेमंड एका डॉक्टरचे आणि हॅरॉल्ड थेट इंग्लंडच्या राजाचे चिरंजीव ठरत होते. टॅबलेटमधून गुरुजी म्हणाले, "यजमान, आजोबांचं नाव सांगताय ना?" मी काहीच सांगत नव्हतो. ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला सगळं कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढं कळतं.

"अहो," ती म्हणाली, "वॉल्टर कुठून काढलात तुम्ही?"

"मधून," मी म्हणालो.

"बाबा, मधून व्हॉट?" मुग्धानं विचारलं.

मग मी रेमंडसमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. जेम्स, एडमंड, रॉबर्ट, ॲन आणि ग्रेस, गावातले बिनबापाचे सुतार आणि खाटीक. अधूनमधून गुरुजी "हो का, हो का" म्हणत होते. रेमंड हसतील असं मला वाटत होतं. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या ओंजळीत तीळ होते, ओंजळ तशीच पुढे धरलेली.

"म्हणजे वॉल्टर कुणी नव्हतेच," ते म्हणाले.

मला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की सांगता सोय नाही. एका म्हाताऱ्या माणसाला मी बाप दिला होता, आणि आता त्याच्याच ओंजळीसमोर बसून परत मागत होतो.

मुग्धानं तोवर माझा लॅपटॉप आणून माझा वंशवृक्ष आणि बारशाचं ते पान उघडलं होतं. "बाबा, इथे फादर ब्लँक आहे. ॲण्ड धिस इज हिज मदर. तू हिला सौ. का लिहिलंस?"

"गिरणीत होत्या त्या. स्पिन्स्टर लिहिलंय."

"ओ गॉड, बाबा. स्पिन्स्टर मीन्स लग्न न झालेली."

ही पुढे आली. "आईचं नाव सापडलं होतं? वर्षभर होतं तुमच्याकडे? आणि ते यांना वाचून दाखवावंसं नाही वाटलं?"

नव्हतं वाटलं. त्यांनी बापाचं विचारलं होतं, मी बापांच्या मागे लागलो होतो. रेमंडना वंशवृक्ष दिसत नव्हता, त्यामुळे मी जेवढं वाचलं तेवढंच त्यांना कळलं होतं, आणि मी फक्त पुरुष वाचले होते.

"काय नाव?" रेमंडनी विचारलं.

"हॅना," मुग्धा म्हणाली.

"हॅना," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "हॅना थॉर्नबी." मग कितीतरी वेळानं म्हणाले, "बुटांचे बंद."

कुणी काही बोललं नाही. या वेळी मीसुद्धा नाही. ही डोळे पुसायला आत गेली आणि खीर ढवळत असल्यासारखं करू लागली.

शेवटी रेमंडच म्हणाले, "लग्न झालं नव्हतं, म्हणून त्या रकान्यात तिला त्याचं नाव लिहू दिलं नसेल. मग तिनं ते मुलाच्या नावात, मधे ठेवलं असेल. नसेलही. पण असेल." ते माझ्याकडे वळले. "श्री, तुम्हा मराठी लोकांसारखंच."

गुरुजींना मी थोडक्यात सांगितलं. म्हटलं, "पणजोबांचं नाव नक्की नाही. पणजीचं आहे." गुरुजी म्हणाले, "मग अडलंय कुठे? पणजीलाही पाणी असतंच. ती आली की ते येतात मागून." आणि सुरू केलं. हॅरॉल्डशर्मा झाले, आल्फ्रेडशर्मा झाले. पणजोबांच्या जागी गुरुजींनी नाव माहीत नसलेल्यांसाठी असतं ते नाव घेतलं, आणि रेमंड त्यांच्यामागून म्हणाले, "वॉल्टर, जर तू असशील तर." मग प्रपितामही, काश्यपगोत्रा, आणि बायकांच्या नावाला लागतो तो 'दा' लावून हॅनादा. अंगठ्यावरून पाणी ताम्हनात पडलं. रेमंडनी स्वतःहून पुन्हा ओंजळ पुढे केली, पुन्हा सोडलं. गुरुजींनी त्यांना थांबवलं नाही.

डेकवर ठेवलेलं पान घ्यायला कावळा आला नाही. नेहमीची खार आली, वडा घेऊन गेली. आल्फ्रेडच्या दगडावर आता 'हॅनाचा मुलगा' अशी ओळ आहे. रेमंडना ती वाचता येत नाही, पण अक्षरं खोल कोरायला सांगितली आहेत. ते बोट फिरवून वाचतात.

त्यानंतर काही दिवसांनी मी फ्लूची लस घ्यायला फार्मसीत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं पुकारलं, "गोपाल?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला राग आला नाही. मनात आलं, माझ्या बापानं आयुष्यात सोलापूर सोडलं नाही, पण कॅनडात त्याला अजून कुणीतरी नावानं हाक मारतं. मधेच ठेवलाय म्हणून टिकलाय. डोळे भरून आले. मी उठलो, ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "यस."

"डेट ऑफ बर्थ?"

मी त्याच भरात वडिलांची सांगितली.

तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "सर, तुमच्यासोबत घरचं कुणी आलंय का?"